वाचकांचे प्रश्न : वाद्यं कमी केली की गाण्याचा दम जातो का?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात बॉब डिलनचं नाव आलं होतं. गिटार आणि माउथऑर्गनवर लोकगीतांच्या वळणाची गाणी म्हणणारा हा अमेरिकन गायक १९६७ नंतर संथ, साध्या कंट्री रॉककडे, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या 'कंट्री' गाण्यांच्या वळणाच्या रॉककडे, वळला, एवढं लिहून मी त्याची काही गाणी सुचवली होती. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. नावाला ती डिलनबद्दल आहेत, पण प्रत्येकात काळजी आहे ती आपल्या इथल्या गाण्याची. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच देते. पत्रं आटोपशीर केली आहेत, शब्द मात्र लिहिणाऱ्यांचेच आहेत.

प्रश्न : ताई, आमची पाच जणांची पार्टी आहे. कानबाईचं जागरण, हळदीची रात्र, जत्रा, सगळीकडे अहिराणी गाणी म्हणतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, हलगी, ढोलकी असा सरंजाम असतो. वर्षभरापासून मी त्यातली काही गाणी फक्त गिटार आणि ढोलकीवर, लय उतरवून म्हणायला लागलो. तरुण पोरं थांबून ऐकतात. पण गावातले जाणते म्हणतात, 'हाई काय गानं शे का? दम गया तुना.' आमचा हलगीवालाही रुसला आहे. डिलनचंही असंच झालं म्हणतात. नेमकं काय झालं होतं? त्याची माणसं तुटली का?
(एक गायक, एरंडोल तालुका)

उत्तर : भाऊ, माणसं तुटली, पण मऊ गाण्यामुळे नाही. ती त्याआधीच तुटली होती आणि कारण अगदी उलटं होतं. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन उभा राहिला. एकट्याने गिटार छेडत गाणारा आपला गायक गोंगाटात गेला म्हणून श्रोत्यांतल्या कित्येकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी, १७ मे १९६६ ला, मँचेस्टरच्या कार्यक्रमात एकाने भर सभागृहात त्याला 'जूडास' म्हणून हाक मारली. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचं हे नाव. म्हणजे सरळ दगाबाज ठरवलं. तुमच्या गावातल्या जाणत्यांनी एवढं तरी नाही ना म्हटलं?

मग २९ जुलै १९६६ ला वुडस्टॉकजवळ त्याला मोटरसायकलचा अपघात झाला आणि दौरे थांबले. तो पुन्हा दौऱ्यावर निघाला तो थेट जानेवारी १९७४ मध्ये. मधल्या काळात, १९६७ साली, जुन्या साथीदारांना घेऊन तो एका घराच्या तळघरात बसायचा, जुनी गाणी म्हणायचा, नवी रचायचा. बाहेर वारं कुठलं होतं? जूनमध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडची 'सार्जंट पेपर' ही तबकडी आली होती. जो तो महिनोन् महिने स्टुडिओत बसून आवाजावर आवाज चढवत होता. आता डिलन याहून मोठं काहीतरी घेऊन येणार, असं सगळे धरून चालले होते.

तो गेला टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला, कंट्री गाण्यांच्या माहेरी. बासवर चार्ली मॅकॉय, ड्रमवर केनी बट्री, स्वतःची गिटार, माउथऑर्गन आणि कुठे कुठे पियानो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या तीन बैठकांत बारा गाणी उरकली. शेवटच्या दोन गाण्यांत पीट ड्रेकची पेडल स्टील गिटार (तिच्याबद्दल पुढे सांगते) तेवढी वाढली. परत आल्यावर त्याने आपल्या जुन्या गिटारवाल्याला, रॉबी रॉबर्टसनला, यावर अजून काही चढवायचं का म्हणून विचारलं, तर रॉबर्टसन म्हणाला की आहे तसंच असू दे. २७ डिसेंबर १९६७ ला 'जॉन वेस्ली हार्डिंग' या नावाने ती तबकडी फारशी जाहिरात न करता निघाली आणि अमेरिकेच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. एप्रिल १९६९ मधली 'नॅशव्हिल स्कायलाइन' आणखी मऊ, आणखी गोड, दहा गाणी मिळून जेमतेम सत्तावीस मिनिटं. ती तिसऱ्या क्रमांकावर पोचली. तेव्हा तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर हे की काही श्रोते बुचकळ्यात पडले, पण बरेच जण त्याच्या मागे गेले.

पण माझ्या लेखी क्रमांकापेक्षा त्याने गाण्याचं काय केलं हे महत्त्वाचं आहे, आणि ते तुम्ही तुमच्या पार्टीला ऐकवावं असं मला मनापासून वाटतं. 'जॉन वेस्ली हार्डिंग'मधल्या बहुतेक गाण्यांना तीनच कडवी आहेत आणि ध्रुपद नाही. आपल्याकडे ध्रुपद आलं की मुख्य गायक दम खातो, झिलकरी उचलून धरतात, कीबोर्डवाला मधला तुकडा वाजवतो आणि पुढच्या कडव्याची सोय होते. ध्रुपदच नसेल तर आडोसा कुठला? एक ओळ संपली की पुढची ओळच हवी, आणि ती पहिलीइतकीच भक्कम हवी. वाद्यं कमी करण्याचा खरा अर्थ मला इथे लागतो. आवाज कमी झाला हे वरवरचं. काढून घेतल्यावर जे उरलं ते आपल्या पायावर उभं राहतं का, ही कसोटी आहे. तुमची जी गाणी तुम्ही गिटारवर घेतलीत, त्यातलं एक एखाद्या ओट्यावर बसून काहीच वाद्य न घेता म्हणा. ते तरलं तर गिटारवरही तरेल. नाही तरलं, तर दोष गिटारचा नाही. ते गाणं ऑक्टोपॅडच्या जिवावर चाललं होतं.

जाणत्यांच्या म्हणण्यातही खरं आहे, ते उडवून लावू नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्र जागवायची असते, सोमवारी विसर्जन. त्या रात्री वाद्याला काम नेमून दिलेलं आहे. घरात रोटांचा घमघमाट, बायाबापड्या दिवसभराच्या शिणलेल्या, पहाटेचे तीन वाजलेले. कुणाच्या अंगात वारं येतं. तिथे हलगी कडाडलीच पाहिजे. त्या जागी गिटारवर हळू गाणं म्हणजे देवीच्या रात्रीला झोप आणणं आहे, आणि म्हातारे चिडले तर त्यांचं बरोबर आहे. हळदीच्या रात्रीही अर्धा वेळ नाच असतो. मऊ गाण्याची जागा वेगळी.

आणि ती जागा आपल्याकडे आधीपासून आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवा. लेकी माहेरी आलेल्या, गौराई बसलेली, निंबाला झोके बांधलेले. ती गाणी कुठल्या वाद्यावर म्हणतात? कुठल्याच नाही. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. तिथे झोक्यावर समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघी जणींना मी जवळून न्याहाळलं आहे. झोका मागे जातो तेव्हा त्या श्वास घेतात, पुढे येताना ओळ सुटते, आणि वरच्या टोकाला झोका क्षणभर अधांतरी राहतो तिथे शेवटचं अक्षर लांबतं. झोका दमला की लय आपोआप उतरते आणि गाणं आणखी गोड होतं. तुम्ही आज गिटारवर जी लय शोधताय ती तुमच्या आईला, मावशीला पाठ आहे. तुमच्या जाणत्यांना हे सांगून बघा. परकं काही आणलं नाही म्हणावं, बायकांचं होतं ते मंचावर घेतलं.

डिलनचंही यात फार वेगळं नाही. मिनेसोटा राज्यातल्या हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात तो वाढला आणि पोरवयात रेडिओवर हँक विल्यम्स या कंट्री गायकाची गाणी कान देऊन ऐकत होता. शहरातल्या लोकगीतवाल्या तरुणांना १९६७ मध्ये नॅशव्हिल म्हणजे मागास, जुनाट लोकांचं गाव वाटे. त्याला ते लहानपणीच्या रेडिओतलं होतं.

आता तुमचा रुसलेला हलगीवाला. त्याला घरी बसवू नका. नॅशव्हिलच्या त्या गाण्यांतला सगळ्यात शहाणा माणूस मला ड्रमवाला केनी बट्री वाटतो. 'नॅशव्हिल स्कायलाइन'मधल्या एका संथ प्रेमगीताला काय वाजवावं हे त्याला सुचेना. त्याने डिलनला विचारलं, तो म्हणाला बोंगो. निर्माता बॉब जॉन्स्टनला विचारलं, तो म्हणाला काउबेल, म्हणजे गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखं वाद्य. दोघांनाही आपली सूचना किती चुकीची आहे हे कळावं म्हणून बट्रीने दोन्ही आणली. ती धरून उभा राहिला स्टुडिओत तेव्हा झाडलोट करणारा क्रिस क्रिस्टोफरसन, जो पुढे स्वतः मोठा गीतकार आणि नट झाला. बट्रीने कडव्याला ही दोन वाजवली, मधल्या भागात ड्रमवर गेला, आणि त्या गाण्याची ओळखच ती झाली. अमेरिकेच्या यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. ही हकिकत बट्रीनेच नंतर सांगितलेली आहे.

तुमच्या हलगीवाल्याला म्हणावं, मऊ गाण्यासाठी हलगी जाळावर कमी शेका. कातडं थोडं ढिलं राहिलं की आवाज खाली उतरतो, टणटण जाते. काडी आणि टिपरू बाजूला ठेवून बोटांनी वाजवा, आणि दोन ओळींमध्ये हात थांबवायला शिका. मोठ्याने वाजवणारे खूप मिळतात. हळू वाजवूनही लय न सोडणारा माणूस दुर्मीळ असतो, आणि तुमच्या पार्टीत तो असू शकतो.

प्रश्न : मॅडम, तुम्ही सुचवलेली गाणी ऐकली. मागे एक वाद्य सारखं रडल्यासारखं, घसरल्यासारखं वाजतं. व्हायोलिन नाही, सतारही नाही. काय आहे ते?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नंदुरबार)

उत्तर : तीच पेडल स्टील गिटार. दिसायला गिटारसारखी अजिबात नाही. चार पायांवर ठेवलेल्या अरुंद टेबलासारखी असते, बहुधा दहा तारांची, आणि वादक तिच्यासमोर खुर्चीवर बसतो. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकवायची, तार पडद्यावर दाबायची नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटांना नख्या. खाली पायाशी पेडल आणि गुडघ्यांशी दांडे असतात. पेडल दाबलं की काही ठरावीक तारा ताणल्या जातात आणि बाकीच्या आहेत तिथेच राहतात. त्यामुळे तीन सूर एकत्र वाजत असताना त्यातला एकच सूर हळूच वर सरकतो आणि बाकी दोन जागचे हलत नाहीत. तुला जे रडणं ऐकू आलं ते हेच. आपली मींड एका सुराची असते, इथे एक सूर चालतो आणि शेजारचे त्याची वाट पाहत उभे असतात.

घसरत्या गिटारची ही पद्धत हवाई बेटांवरून आली. तीच हवाईयन गिटार भारतातही आली आणि इथे चांगली रुजली. व्हॅन शिपले यांनी गिटारवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं तुझ्या आजोबांनी रेडिओवर नक्की ऐकली असतील, विचारून बघ. नॅशव्हिलच्या पीट ड्रेकला ऐकताना माझ्या पिढीला ते वाद्य परकं वाटलं नाही, याचं कारण हे असावं. तू संगीत शिकत असशील तर एक कर. 'जॉन वेस्ली हार्डिंग' ओळीने ऐक. दहा गाणी हे वाद्य नाहीच. अकराव्याला ते येतं आणि खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं. एवढा वेळ ते राखून ठेवलं म्हणून ते इतकं लागतं.

प्रश्न : १९६९ साली व्हिएतनाममध्ये माणसं मरत होती. त्याआधी अन्यायाविरुद्ध गाणी लिहिणारा हा माणूस त्या वर्षी प्रेमाची आणि खाण्यापिण्याची गाणी म्हणत होता. याला पळ काढणं नाही म्हणायचं तर काय? लोककलावंताने लोकांच्या बाजूने उभं राहायचं नाही का?
(निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : नाना, तुमचा राग मला समजतो. त्या वर्षी पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये होते, आणि ज्याच्या गाण्यांनी तरुणांना बोलायला शब्द दिले तोच हसतमुख चेहऱ्याने टोपी किंचित उचलून अभिवादन करतोय, असा 'नॅशव्हिल स्कायलाइन'चा फोटो. कित्येकांना तो झोंबला.

पण दोन तबकड्यांना एका मापाने मोजू नका. 'जॉन वेस्ली हार्डिंग'मध्ये कोण माणसं आहेत ते बघा. कोर्टापुढे उभा केलेला भटक्या, घरमालकाला आर्जवं करणारा माणूस, देश सोडून आलेला गरीब, बायबलमधल्या बुरुजावरचे पहारेकरी. आवाज शांत आहे, मजकूर नाही. त्यातलंच बुरुजावरचं गाणं गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६८ मध्ये विजेच्या गिटारवर पेटवून दाखवलं, तेव्हा त्या शांत गाण्यात किती दारू ठासलेली होती ते जगाला कळलं.

'नॅशव्हिल स्कायलाइन'चे शब्द मात्र मला हलके वाटतात, हे मी स्पष्ट सांगते. चाली सुरेख आहेत, साथ तर फार सुंदर, पण त्यातली तीन-चार गाणी ऐकून झाल्यावर हाती काही राहत नाही. दोन्हींतून एक निवडायची तर मी पहिली निवडेन, क्षणाचाही विचार न करता. तरी पळाला म्हणणार नाही. 'नॅशव्हिल स्कायलाइन'चं पहिलं गाणं त्याने जॉनी कॅश या कंट्री गायकाबरोबर म्हटलं आहे, त्याचंच १९६३ मधलं जुनं गाणं, फेब्रुवारी १९६९ मध्ये नव्याने गायलेलं. नीट ऐका, दोघे मध्येच शब्दांत मागेपुढे होतात, एक थांबतो तर दुसरा पुढे जातो, आणि ते तसंच ठेवलेलं आहे. त्याच महिन्याच्या २४ तारखेला हाच कॅश सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैद्यांसमोर गायला, आणि तिथे गायलेल्या गाण्यांत डिलनने लिहिलेलं एक होतं. कंट्रीवाले सगळे सुखवस्तू, आपल्यापुरतं बघणारे, असं शहरातल्या लोकांनी धरून चालणं तेव्हाही बरोबर नव्हतं.

लोककलावंताने लोकांच्या बाजूने उभं राहावं, हे मला मान्य आहे. पण लोक फक्त मोर्चात नसतात, नाना. रात्रपाळी करून घरी आलेला, पोराला मांडीवर घेऊन बसलेला माणूसही लोकच असतो. तुम्ही स्वतः रेल्वेत पाळ्या केल्यात. त्या वेळेला कानावर काय यावंसं वाटायचं?

प्रश्न : नॅशव्हिल स्कायलाइनमध्ये त्याचा आवाज निराळाच, घोगरा नाही, गोल येतो. सिगारेट सोडल्यामुळे असं झालं म्हणतात. मी भजन म्हणतो आणि तंबाखू खातो. सोडली तर माझाही आवाज असा होईल का?
(एक भजनी, चाळीसगाव)

उत्तर : सिगारेट सोडल्यामुळे, असं डिलन स्वतः म्हणाला होता. पण पुढच्या वर्षांत तो आवाज पुन्हा बदलला, तेव्हा गाण्याची ढब त्याने त्या गाण्यांसाठी मुद्दाम धरली होती, असंच माझं कान सांगतात. तुम्ही तंबाखू मात्र सोडाच. आवाज गोल होईल की नाही ठाऊक नसलं तरी तोंड आणि घसा वाचेल, आणि गायकाला त्याहून जास्त काय हवं?

प्रश्न : मी लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. या गाण्यांचं नोटेशन शोधतोय, सापडत नाही. तिकडचे वादक तीन बैठकांत बारा गाणी कशी बसवतात? आम्हाला एक नवं गाणं बसवायला आठवडा लागतो.
(कीबोर्डवादक, धुळे)

उत्तर : नॅशव्हिलच्या स्टुडिओतले वादक सूर लिहीत नाहीत, आकडे लिहितात. पट्टीचा सा म्हणजे १, म वर उभा असलेला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ४, प वरचा ५. अख्खं गाणं एका कागदावर आकड्यांत मावतं. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली, काळी एकची काळी दोन केली, तरी कागद तोच राहतो. तुम्ही सरगममध्ये विचार करताच, त्यामुळे तुम्हाला हे एका दुपारात जमेल. चार्ली मॅकॉय आणि त्याच्या सोबत्यांनी ही पद्धत तिथे रुळवली.

बाकी वेग येतो तो कमी वाजवण्यातून. बासवाला एका मात्रेला सा, दुसऱ्या मात्रेला खालचा प, त्यांच्या मधल्या ठेक्याला गिटारची एक झणत्कार, ड्रमवर ब्रश. बहुतेक साध्या कंट्री गाण्याचा सांगाडा एवढाच. आठवडा लागतो तो मधले तुकडे बसवायला. तुकडे काढा आणि किती वेळ लागतो ते मला कळवा.

प्रश्न : बाई, मी सत्तरीची आहे. आखाजीची, गौराईची, जात्यावरची बरीच गाणी मला येतात. पुण्यात शिकणारी नात म्हणते, 'आजी, तू म्हण, मी गिटार वाजवते, आपण रेकॉर्ड करू.' मला हौस आहे. पण तिने वाजवून दाखवलं तेव्हा माझं गाणं मलाच वेगळं वाटलं, कुठेतरी टोचलं. मी जुन्या वळणाची म्हणून टोचलं, की खरंच काही बिघडतंय?
(एक आजी, पारोळा)

उत्तर : आजी, तुमचा कान बरोबर आहे. बिघडतंय, आणि ते दुरुस्त करता येतं. हे उत्तर नातीला वाचून दाखवा, कारण यात थोडं तिच्या कामाचं आहे.

आपली पुष्कळशी जुनी गाणी चार-पाच सुरांतच फिरतात, आणि त्यात गंधार बऱ्याचदा कोमल असतो, किंवा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी. नात गिटारवर मेजर कॉर्ड वाजवते तेव्हा त्यात शुद्ध गंधार ठासून भरलेला असतो. तुम्ही गाताय एक ग, गिटार म्हणतेय दुसरा. तुम्हाला टोचलं ते हे. गाणं मुकाट्याने गिटारच्या गंधाराकडे ओढलं जातं, आणि दहा वेळा असं म्हटलं की जुना सूर विसरायला होतो.

नातीने गिटारची सगळ्यात जाड, सहावी तार ई वरून डी पर्यंत उतरवावी. मग सहावी, पाचवी, चौथी या तीन तारा डी, ए, डी होतात, म्हणजे सा, प, सा. एवढ्या तीनच तारा हलक्या हाताने छेडायच्या. ग नाहीच, म्हणून भांडण नाही. तुमची पट्टी काळी दोन असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की झालं, पांढरी तीन असेल तर दुसऱ्या पडद्यावर. घरात पेटी असेल तर गिटार मोबाइलच्या ट्यूनरवर न लावता पेटीशी लावा, जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या वर-खाली असतात. उन्हाळ्यात पारोळ्याला पत्र्याच्या खोलीत गिटार ठेवू नका, बंद गाडीत तर मुळीच नाही. लाकूड सुकून तडकतं, पूल (तारा अडकवायची पट्टी) उचकटतो.

लय तुमची. नातीने तुमच्या मागे यायचं, तुम्ही गिटारच्या मागे जायचं नाही. जात्यावरचं गाणं म्हणताना समोर जातं नसलं तरी हात खुंट्यावर असल्यासारखा फिरवा, ओळीची लांबी आपोआप बरोबर येते. मधे तुम्हाला थांबावंसं वाटलं तर थांबा. डिलनच्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'मध्ये एका गाण्याआधी तो निर्मात्याला टेप चालू आहे का म्हणून विचारतो, ते वाक्यही तसंच ठेवलेलं आहे आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. तुम्ही नातीला पाणी मागितलंत तर तेही राहू द्या.

मात्र गिटार हातात घेण्याआधी एक काम करा. येतात तेवढी सगळी गाणी आधी नुसत्या गळ्याने, एकही वाद्य न घेता, शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणून ठेवा. मोबाइल विमान मोडवर, पंखा बंद, खिडकीला गोधडी. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला गावाचं नाव, ते कुणाकडून शिकलात, कुठल्या सणाला किंवा कुठल्या कामाला म्हणतात, हे बोलून मग सूर लावा. ती फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक नातीकडे, एक गावात. गिटारचं रेकॉर्डिंग त्यानंतर हवं तितक्या वेळा करता येईल, आणि नातीला पुढे वाटेल तसं ते बदलूही शकेल.